ब्लूज बँडमधले मुरलेले वादक मुळात येतात कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय चोवीस. तबल्यात मध्यमा पूर्ण झालंय, दोन वर्षांपासून ड्रमसेटही वाजवतो. कोरेगाव पार्कात पन्नाशी-साठीच्या लोकांचा एक ब्लूज बँड ऐकला आणि वेड लागलं. ही माणसं लहानपणापासून वेस्टर्न शिकलेली असणार. त्यांचं मूळ संगीत काय असतं? तबल्यावरून आलेल्याला तिथे जागा मिळते का, की सगळं विसरून पहिल्यापासून सुरुवात करावी?"

तुला सरळ 'तू' म्हणतो, माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे. मी तीसेक वर्षं पुण्यात ब्लूज वाजवतोय, गिटार आणि स्लाइड, म्हणजे तारांवर नळी सरकवून वाजवायची गिटार. तू ऐकलास तो बँड आमचा नसावा, आम्हाला कोरेगाव पार्कात फारसं कुणी बोलावत नाही. पण त्यातली माणसं कुठून आली असतील हे न बघताही बऱ्यापैकी सांगता येईल.

लहानपणापासून वेस्टर्न शिकलेला त्यांच्यात फार तर एक असेल. ब्लूज शिकून आलेला एकही नसेल. आमच्या तरुणपणी इथे ब्लूज शिकवणारं आम्हाला तरी कुणी सापडलं नाही. कुणाच्या तरी चुलतभावानं परदेशातून आणलेली रेकॉर्ड, तिच्यावरून भरलेली कॅसेट, त्या कॅसेटवरून आणखी एक, आणि चौथ्या कॉपीपर्यंत बेस ऐकूच येईनासा व्हायचा. त्यातही आधी हाती लागले ते इंग्लंडचे गोरे लोक: रोलिंग स्टोन्स, क्लॅप्टन. मग वेष्टनावरच्या बारीक अक्षरांत गीतकारांची नावं वाचताना कळायचं की हे मूळचं मडी वॉटर्सचं, ते विली डिक्सनचं, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या ब्लूजवाल्यांचं. आम्ही या घरात मागच्या दारानं शिरलो. तोवर प्रत्येकाचा हात दुसऱ्याच कुठल्या तरी संगीतात बसलेला होता.

नवीन माणूस आला की तो काय वाजवतो हे मी विचारत नाही, ते दोन मिनिटांत कळतंच. मी विचारतो, "आजवर कुणाच्या मागे वाजवलंस?" ब्लूज बँडमध्ये टिकतात ती साथीची सवय असलेली माणसं. मग ती साथ भजनाची असो, ऑर्केस्ट्राची, चर्चची की वरातीची. तिकडचे मोठे लोकही असेच तयार झाले. बडी गाय १९५७ साली लुइझियानाहून शिकागोला आला आणि पुढची कित्येक वर्षं चेस या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांमागे गिटार वाजवत राहिला. दिवसा तो बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवायचा. २०११ साली तो मुंबईत मेहबूब स्टुडिओत वाजवायला आला तेव्हा आम्ही चौघं एका गाडीत कोंबून गेलो होतो. गाणं चालू असताना आवाज पार कुजबुजीपर्यंत खाली आणायचा ही त्याची जुनी खोड. माझ्या मते ती साथीदाराची खोड आहे. आयुष्यभर स्वतःच पुढे वाजवणाऱ्याला असं खाली यायला भीती वाटते.

आमचे बेसवाले काका घे. खडकीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेत. त्याआधीची वीस वर्षं नोकरी सांभाळून ऑर्केस्ट्रात बेस. गणपतीच्या दहा दिवसांत बारा-तेरा कार्यक्रम, पेठेतल्या मंडळांपासून मंचरपर्यंत. गायिका घसा धरून यायची आणि स्टेजवर चढता चढता म्हणायची, "आज काळी एक नको, पांढरी एक घ्या." सगळं गाणं अर्ध्या सुरानं खाली. कागद नाही, तालीम नाही. काका तिच्या पाठीकडे बघत वाजवायचे. श्वास घेताना खांदा वर जातो ना, तो बघून पुढची ओळ कधी येणार हे त्यांना कळायचं. आजही ते तसेच उभे असतात, गायकाच्या मागे, जरा डावीकडे, नजर खांद्यावर.

ब्लूजमध्ये याचा उपयोग काय? पुस्तकातला ब्लूज बारा बारचा, एक बार म्हणजे चार मात्रा. पण जॉन ली हुकरसारखा माणूस बारांचा हिशेब कधी पाळायचा, कधी नाही. मनात आलं की ओळ लांबवायची, मनात आलं की लवकर वळायचं. १९४८ साली त्याची पहिली ध्वनिमुद्रणं झाली तेव्हा साथीला होता त्याचाच बूट, लाकडाच्या फळीवर ताल धरणारा. अशा गायकाबरोबर आकडे मोजणारा बेसवाला दुसऱ्या कडव्यात उघडा पडतो. आमच्या काकांना काही होत नाही, ते वाट बघतात. आणि एरवी काय वाजवतात? सा ग प ध नि, ध प ग, त्यातला निषाद कोमल. तेवढंच. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, बदलली की तोच जिना दुसऱ्या सुरावरून. "काका, कंटाळा नाही का येत?" असं एकदा विचारलं तर म्हणाले, "कंटाळा आला म्हणून बसचा ड्रायव्हर स्टिअरिंग सोडतो का?"

ज्या विली डिक्सनचं नाव आम्ही वेष्टनावर वाचायचो, तोही शिकागोतला बेसवालाच. त्याआधी तो मुष्टियोद्धा होता. १९३७ साली इलिनॉयची गोल्डन ग्लव्ह्ज स्पर्धा जिंकला होता, हेवीवेट गटात. आणि मिसिसिपीत, पोरवयात, धार्मिक गाणी म्हणणाऱ्या चौकडीत सगळ्यात खालचा आवाज लावायचा. म्हणजे बेस आधी त्याच्या गळ्यात होता, हातात नंतर आला.

आमचा ड्रमर लग्नाच्या बॅन्डमधला. वडील ट्रम्पेटवर, हा दहाव्या-बाराव्या वर्षापासून गळ्यात साइड ड्रम. यावर लोक हसतात, त्यांनी हसू नये. डब्ल्यू. सी. हँडी, ज्यानं ब्लूज कागदावर उतरवून १९१२ साली छापला, तो मुळात कॉर्नेट वाजवणारा बॅन्डमास्तर होता. १९०३च्या सुमाराला मिसिसिपीतल्या टटवायलर नावाच्या लहानशा स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना त्यानं एका माणसाला गिटारच्या तारांवर सुरी घासून वाजवताना ऐकलं, आणि ते सूर त्याच्या डोक्यातून गेले नाहीत. तेव्हा ब्रास बॅन्ड आणि ब्लूज यांची सोयरीक जुनी आहे.

आमच्या पठ्ठ्याचं मनगट ऐकण्यासारखं आहे. वरातीतल्या सहाच्या चालींवर पोसलेलं असल्यानं शफल त्याला शिकवावा लागला नाही. शफल म्हणजे एका मात्रेचे तीन भाग, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला गिळायचा. अर्थात अगदी मोजून तीन भाग केले तर शिवणयंत्र ऐकू येतं. तो तिसरा भाग केसभर मागे-पुढे सरकवण्यात सगळी मजा असते आणि ती शिकवता येत नाही. त्याचा दोष वेगळा होता. वरातीत थांबायचं नसतं. तिथे वादक थांबला की नवरदेवाचा मामा येऊन "पैसे कशाचे दिले?" म्हणून विचारतो. त्यामुळे दर बारच्या शेवटी हा घडघडघड करून जागा भरायचा, याला फिल म्हणतात. ते जायला वर्ष लागलं. शेवटी मी त्याच्या उजवीकडचा टॉम, म्हणजे सेटमधला एक ड्रम, काढून खोलीच्या कोपऱ्यात ठेवून दिला, हात सवयीनं जायचा आणि हवेतून परत यायचा. मडी वॉटर्स, लिटल वॉल्टर यांच्यामागे वाजवणारा फ्रेड बिलो जॅझमधून आलेला होता, चांगला शिकलेला. ब्लूजमध्ये आल्यावर तो पहिल्यांदा पार गोंधळला होता. शिकलेल्या माणसाला कमी वाजवायला शिकावं लागतं, हे त्याचं आणि आमच्या वरातवाल्याचं सारखंच.

कीबोर्डवर आहेत त्या बाई कॅम्पातल्या एका चर्चमध्ये दर रविवारी ऑर्गन वाजवतात. ट्रिनिटीच्या पाश्चात्त्य संगीत परीक्षांच्या आठही ग्रेड झालेल्या. बँडमध्ये 'वेस्टर्न शिकलेलं' म्हणशील तर त्या एकट्याच. पहिल्या दिवशी त्यांनी नोटेशन मागितलं, मी बारा चौकटी आखलेला एक कागद दिला. त्यांना ती चेष्टा वाटली. पण गंमत बघ, चर्चमधल्या प्रार्थनागीताच्या शेवटी 'आमेन' म्हणतात ना, तिथे कॉर्ड मध्यमावरून षड्जावर उतरते. ब्लूजमध्ये तीच उतरण सतत येते, पाचव्या बारला मध्यमावर जायचं आणि सातव्याला घरी परत यायचं. ते त्यांच्या हातात मुरलेलंच होतं. अडलं ते दुसरीकडे. त्यांच्या शिक्षणात कोमल निषाद घातलेली कॉर्ड म्हणजे पुढे जाण्याची घाई. ती वाजली की कान म्हणतो, आता हिला कुठे तरी नेऊन सोडवा. ब्लूजमध्ये घरातली कॉर्डच तशी असते आणि तिथेच आरामात पाय पसरून बसते. बाई म्हणाल्या, "मला सारखं वाटतं, दार उघडं ठेवून झोपलोय." याहून चांगली व्याख्या मी कुठे वाचलेली नाही. त्यांनी स्वतःला फार मागासलेलं समजू नये म्हणून सांगितलं, क्रीम या बँडचा बेसवाला जॅक ब्रूस आधी चेलो शिकला होता, रीतसर, स्कॉटलंडच्या संगीत अकादमीत.

माझं स्वतःचं फार सांगण्यासारखं नाही. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या, हवाईयन गिटारवर भावगीतं, गॅदरिंगला टाळ्या, मग कॉलेजात फिरोदिया करंडकाच्या तालमी. स्लाइड फिरवायला हात तयार होता, कान मात्र फक्त चालीचा. गाणारा गात असताना मी मागे तीच चाल वाजवायचो, हवाईयनवाल्यांची ही घाण सवय. माझ्या साथीला सुरुवातीला साथ म्हणणं अवघड होतं.

आता गायिका, आणि इथे जरा थांबतो, कारण हे तुझ्याही कामाचं आहे. ती ख्याल आणि नाट्यसंगीत शिकलेली. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठे तरी राहतो. गिटारवाला तो तार ओढून गाठतो, कीबोर्डवाल्या बाई दोन्ही पट्ट्या एकदम दाबून फसवाफसवी करतात. ही तिथे गळ्यानं सरळ जाऊन उभी राहिली. दरबारीतला आंदोलित गंधार घासलेल्या माणसाला दोन सुरांमधल्या गल्ल्या पाठ असतात. पण पहिले सहा महिने तिचा ब्लूज ऐकून लोक म्हणायचे, "वा, जोग!" दोन्ही गंधार आले की जोग रागाची आठवण होणारच. नुसते सा, कोमल ग, म, प, कोमल नि घेतले तर धानी राग झाला. अडचण अशी की रागात खालचा षड्ज हलत नाही, तानपुरा तिथेच असतो. ब्लूजमध्ये खालची जमीन सरकते. षड्जाच्या कॉर्डवर कोमल गंधार घेतला तर तो आतल्या शुद्ध गंधाराला घासतो, ठिणगी पडते. पाचव्या बारला कॉर्ड मध्यमावर गेली की तोच कोमल गंधार तिथला कोमल निषाद होतो आणि एकदम घरचा वाटतो. सूर हलला नाही, नातं बदललं. हे तिला सांगून कळलं नाही, काकांच्या बेसकडे लक्ष दे म्हटल्यावर एका संध्याकाळीत कळलं. त्याच संध्याकाळी तिच्या तानाही गेल्या.

तर तुझा तबला. बारा बार गुणिले चार, अठ्ठेचाळीस मात्रा. म्हणजे तीनतालाची तीन आवर्तनं. आणि ब्लूजच्या कडव्याला ओळीही तीनच: पहिली, तीच पुन्हा, आणि तिसरी यमक जुळवणारी. एक ओळ, एक आवर्तन. विभाग न् विभाग जुळतो बघ. पहिलं आवर्तन साधारण सगळं षड्जावर. दुसऱ्याच्या समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, मध्यम, खालीला, म्हणजे नवव्या मात्रेला, परत षड्ज. तिसऱ्याच्या समेला पंचम, दुसऱ्या टाळीला, म्हणजे पाचव्या मात्रेला, मध्यम, खालीला षड्ज, आणि तेराव्या मात्रेला पुन्हा पंचम, पुढच्या फेरीसाठी रस्ता दाखवायला. गाणारा बहुधा समेपासून खालीपर्यंत ओळ संपवतो. खालीपासूनच्या आठ मात्रा वाद्याच्या, तिथे गिटार किंवा माउथऑर्गन उत्तर देतं. पोवाड्यात शाहिराच्या ओळीनंतर झीलकरी उचलतात तसंच. हा नकाशा ड्रमसेटवरून आलेल्या मुलाला महिनाभर बोटं मोजत शिकावा लागतो, तुला आज रात्रीत कळेल.

सम मात्र तुला सोडावी लागेल. म्हणजे सम आहे, पण वजन तिथे नाही. वजन दर चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, स्नेअर ड्रमवर. आपल्याकडचे श्रोते हमखास पहिली-तिसरीवर टाळ्या देतात. त्यांच्याकडे बघू नकोस.

याआधी आमच्याकडे तबल्यातला एक मुलगा होता, कहोनवर, म्हणजे वर बसून वाजवायच्या लाकडी खोक्यावर, बसायचा. हात तुझ्यासारखाच तयार असेल. बाणेरला एका हिरवळीवर कार्यक्रम होता. चौथ्या गाण्यात, अकराव्या बारपासून त्यानं एक तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा, उचलली आणि अचूक पुढच्या समेवर आणून टाकली. सुंदर होती. पुढच्या रांगेतून "क्या बात है" आलं. पण ब्लूजची ओळ समेच्या आधी उचलतात, तेराव्या-चौदाव्या मात्रेपासून. आमच्या गायिकेनं तोंड उघडलं तेव्हा तिहाई तिच्यावरून गेली. ती थांबली, एक बार सोडून शिरली. काका थांबून तिच्याबरोबर वळले. कीबोर्डवाल्या बाई मोजून वाजवतात, त्या वळल्या नाहीत. पूर्ण ओळभर दोन वेगवेगळ्या कॉर्ड एकमेकींवर वाजत होत्या आणि मी मधे उभा राहून दोघांकडे मानेनं खुणा करत होतो. मुलगा खुशीत होता, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

यात तबल्याचा दोष काय? काहीच नाही. गायक मुखडा घेतो तिथे तबलजी तुकडा घुसडत नाही, ख्यालाची साथ केलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. त्या मुलानं साथ केलीच नव्हती. परीक्षेपुरते कायदे, रेले, तिहाया, सगळं लेहऱ्यावर, सगळं एकट्यानं. आता तू सांग, मध्यमा पूर्णपर्यंत पोचताना तू कुणाला साथ केलीस? गल्लीतल्या भजनी मंडळाला केली असशील तरी चालेल, उलट बरं. यंदा सवाईला गेलास तर विलंबित चालू असताना गायकाकडे बघू नकोस, तबलजीकडे बघ. अर्धा-पाऊण तास ठेका धरून बसलेला असतो आणि त्याच्या चेहऱ्यावर कसलीही घाई नसते. आम्हाला हवा असतो तो हा माणूस.

विसरायचं असं फारसं काही नाही, तबलाही सोडू नकोस. पाय मात्र तयार कर. तबलजींचे हात पळतात आणि पाय झोपलेले असतात. डावा पाय हायहॅटवर (पायानं मिटणाऱ्या झांजांवर), दुसरी आणि चौथी, रोज अर्धा तास, नुसता पाय. संथ ब्लूज आधी घे. त्यात एका बारच्या बारा बारीक मात्रा पडतात, दादऱ्याची दोन आवर्तनं धर. वेगातल्यापेक्षा ते अवघड आहे, कारण लपायला जागा नसते. आणि महिनाभर एकही फिल वाजवायचा नाही. बारावा बार रिकामा जाऊ दे. हात शिवशिवतील, मांडीवर ठेव.

वयाचं म्हणशील तर चोवीस म्हणजे काहीच नाही. आमच्यात सगळ्यात लहान जो आहे, तो वरातवाला, तो सेहेचाळीसचा आहे. तालमीला येणार असशील तर ड्रमसेट उचलून आणू नकोस, आमच्या खोलीत एक आहे. त्याचा उजवीकडचा टॉम अजून कोपऱ्यातच आहे, लावायचा नाही. ड्रम वाजवायचे ब्रश तुझे तू आण.